आधी पट्टी, मग ॲप: स्नूकर खेळणाऱ्या एका टीम लीडचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण छत्रपती संभाजीनगरातल्या पंचवीस-तीस माणसांच्या एका सॉफ्टवेअर कंपनीतलं आहे. कंपनीचं आणि माणसांची नावं देत नाही, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. मी तिथेच दुसऱ्या टीममध्ये होतो. या टीमच्या काही बैठका चालवायला मला बोलावलं गेलं, म्हणून आतलं बरंच कळलं.

ग्राहक होते लातूरच्या मार्केट यार्डातले आडते. अकरा दुकानांनी मिळून एकच सॉफ्टवेअर करून घ्यायचं ठरवलं होतं. लातूर म्हणजे सोयाबीन आणि तुरीची मोठी बाजारपेठ. शेतकऱ्याचा माल उतरतो, सौदा होतो, काट्यावर वजन होतं आणि मग मुनीम पट्टी करतो. वजन गुणिले भाव, त्यातून हमाली आणि तोलाई वजा, आधी उचल घेतली असेल तर तीही वजा. शेतकरी गावाकडे परतताना खिशात जो कागद नेतो तो हा. आडत दुकानातलं बाकी सगळं या कागदाभोवती फिरतं. हे वाक्य मी आज सहज लिहितोय, पण जुलैपर्यंत ते टीममध्ये कुणीच म्हटलं नव्हतं.

टीम सहा जणांची होती: लीड, चार डेव्हलपर आणि एक टेस्टर. दोन आठवड्यांचा स्प्रिंट म्हणजे कामाचा एक टप्पा, सकाळी पंधरा मिनिटं उभ्या-उभ्या बैठक, शेवटी डेमो आणि रेट्रो, म्हणजे काय जमलं, काय नाही याचा आढावा. असं टप्प्याटप्प्याने काम करायच्या पद्धतीला स्क्रम म्हणतात, आणि कागदावर ते अगदी नीट चालू होतं. प्रॉडक्ट ओनर, म्हणजे ग्राहकाच्या वतीने कोणतं काम आधी हवं हे सांगणारा, म्हणून कंपनीचाच सेल्स मॅनेजर बसायचा, कारण लातूर गाठायचं तर बीड, केज, अंबाजोगाई करत पाच-सहा तास जातात आणि दर पंधरा दिवसांनी कोण येणार?

लीड पस्तिशीतला, अंबाजोगाईकडचा. इंजिनिअरिंगला असताना त्याला स्नूकरचा नाद लागला तो सुटलाच नाही. आठवड्यातल्या दोन-तीन संध्याकाळी तो क्लबवर असायचा. आपल्याकडे हा साहेबी खेळ समजला जातो, पण त्याचा जन्म जबलपूरचा. तिथल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये 1875 मध्ये तो सुरू झाला आणि पुढे उटीच्या क्लबात त्याचे नियम लिहिले गेले. 1984 साली ओम अग्रवाल यांनी, आणि 2003 साली पंकज अडवाणी यांनी हौशी खेळाडूंचं जागतिक अजिंक्यपद भारतात आणलं. तरी आपल्या शहरांत स्नूकर क्लब म्हटलं की पालकांच्या कपाळाला आठ्या पडतात. तळघर, सिगारेटचा धूर, हरणाऱ्याने टेबलाचे पैसे भरायचे, आणि मुलगी औषधालासुद्धा दिसायची नाही.

अडचण

जुलै संपता संपता चार स्प्रिंट झाले होते आणि चारही डेमो झकास झाले होते. सोयाबीनच्या भावाचा आलेख, शेतकऱ्याला व्हॉट्सॲपवर जाणारा मेसेज, शेठना घरबसल्या दिवसाची उलाढाल दाखवणारं मोबाइल ॲप, सगळं पडद्यावर येत होतं. व्हिडिओ कॉलवर दुकानदार माना डोलवायचे.

पट्टी मात्र दुसऱ्या स्प्रिंटपासून 'जवळपास झाली' होती. न होण्याची कारणं बारीक होती. एका दुकानात हमाली पोत्यामागे, दुसऱ्यात क्विंटलमागे. एक शेठ पहिल्याच मालातून सगळी उचल वळती करून घेतो, दुसरा शेतकऱ्याला विचारून अर्धी पुढे ढकलतो. पैसे कुठे रुपयात पूर्ण करायचे, एकेका वजावटीला की शेवटच्या रकमेला, यावर तीन दुकानांच्या तीन रीती. यातली एकेक गोष्ट इतकी छोटी, की तिची वेगळी स्टोरी, म्हणजे बोर्डवर नोंदवलेलं सुटं काम, झालीच नाही. स्टोरी नाही म्हणून तिच्या आकाराच्या अंदाजाचे पॉइंट नाहीत, आणि पॉइंट नाहीत म्हणून ते काम कुणी हातात घेत नव्हतं. कंपनीचे मालक दर महिन्याला सगळ्या टीमच्या वेलॉसिटीचा, म्हणजे स्प्रिंटमध्ये किती पॉइंटांचं काम झालं याचा तक्ता शेजारी शेजारी लावून बघायचे. त्या तक्त्यात मोबाइल ॲप उठून दिसायचं.

त्यात तारखेचा घोळ होता. करारात दिवाळी लिहिलं होतं. लक्ष्मीपूजनाला वहीपूजन होतं, तेव्हा वहीशेजारी कॉम्प्युटर ठेवून त्याचीही पूजा करायची अशी दुकानदारांची हौस. लीडने ऑगस्टच्या तोंडावर एका दुकानाच्या मुनीमजींना सहज फोन केला, पट्टीतली एक शंका विचारायला. त्यांचं उत्तर त्याने वहीत लिहून ठेवलं होतं: "पूजा दिवाळीला करूत की साहेब. पण दसऱ्यापासून आम्हाला पाणी प्यायला येळ नसतो. शिकायचं कवा?"

सोयाबीनची आवक दिवाळीची वाट बघत नाही. माल दसऱ्याच्या आगेमागे यार्डात यायला लागतो, म्हणजे सॉफ्टवेअर त्याआधी मुनीमजींच्या हाताखाली रुळायला हवं. खरी मुदत करारातल्या मुदतीच्या तीन आठवडे आधी होती.

पहिला निर्णय: टेबलावर किती शिल्लक आहे

स्नूकरमध्ये मुरलेला खेळाडू मनात सतत हिशोब करत असतो. एक रेड चेंडू पॉट केला, म्हणजे खिशात घातला, की पुढे एक रंगीत चेंडू घ्यायचा. रेडचा एक पॉइंट, सगळ्यांत मोठ्या ब्लॅकचे सात, आणि सगळे रेड संपल्यावर उरलेल्या सहा रंगांचे मिळून 27. टेबलावर एकच रेड उरला असेल तर त्याचा एक, त्यानंतरच्या ब्लॅकचे सात आणि हे 27 असे जास्तीत जास्त 35 पॉइंट शिल्लक आहेत. तुम्ही 40 ने मागे असाल तर नुसतं सुरेख पॉट करत राहून फ्रेम, म्हणजे तो डाव, मिळत नाही. खेळायची पद्धतच बदलावी लागते.

लीडने त्या रात्री हाच हिशोब केला. दसऱ्यापर्यंत हातात चार स्प्रिंट. आतापर्यंतच्या वेगाने, बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या कामांच्या यादीत, उरलेल्या कामाचं जेमतेम अर्धं होणार. दुसऱ्या दिवशी त्याने हे टीमसमोर आणि मालकांसमोर मांडलं. चार पर्याय निघाले.

पहिला, शनिवार-रविवार बसून सगळंच करायचं. हा मालकांना आवडला. टीमने पाचव्या स्प्रिंटमध्ये एक शनिवार करूनही पाहिला, आणि सोमवारी त्यातलं निम्मं काम परत उघडावं लागलं.

दुसरा, आमच्या टीममधली दोन माणसं तिकडे द्यायची. मी स्वतः याला विरोध केला. नव्या माणसाला पट्टी समजावायची तर ती समजलेला जुनाच माणूस अडकतो, आणि पट्टी नीट समजलेलं तेव्हा कुणीच नव्हतं.

तिसरा, मुदत वाढवून मागायची, थेट तुरीच्या हंगामापर्यंत. प्रामाणिक पर्याय, पण सोयाबीनचा हंगाम हातचा गेला तर अकराही दुकानं थंड पडतील अशी सेल्सला भीती, आणि ती अगदीच खोटी नव्हती.

चौथा, काम कापायचं. फक्त पट्टी आणि उचलीचं खातं, तेही दोनच दुकानांत. ॲप, आलेख, मेसेज सगळं बाजूला.

लीडचा कल चौथ्याकडे होता आणि त्याने तो स्नूकरच्या भाषेतच मांडला. ब्लॅक सात पॉइंटांचा म्हणून प्रत्येक वेळी त्याच्यावर तुटून पडणारा पोरगा एक रेड, एक ब्लॅक घेऊन आठ पॉइंटांवर खुर्चीत जाऊन बसतो, कारण ज्याने मारायचं तो व्हाइट चेंडू कुठे थांबणार याचा त्याने विचारच केलेला नसतो. जाणता खेळाडू पॉट करताना पुढच्या चेंडूसाठी जागा करतो, त्यासाठी वेळप्रसंगी कमी पॉइंटांचा रंग घेतो. ॲप म्हणजे ब्लॅक, आणि ते करून पुढचं काहीच मोकळं होत नाही. पट्टी झाली की उचल खातं, खरेदीदाराची येणी, शेवटी ॲपसुद्धा, सगळं तिच्यावर उभं राहतं.

मालकांना हे पटलं. त्या बैठकीपुरती उपमा चपखल बसली, यात वाद नाही.

लातूरच्या शेठना मात्र त्याने स्नूकर सांगितलं नाही, आणि ते बरं केलं. तो एक दिवस दुकानात मुनीमजींशेजारी बसून राहिला. संध्याकाळी सगळ्यांत वडीलधारे शेठ म्हणाले, "ॲप दाखवूनच तर तुम्ही ऑर्डर घेतलीत, आता पट्टी पट्टी करायलात." लीडने मान्य केलं. मग त्याने त्या दिवशी हाताने झालेल्या पट्ट्यांचा गठ्ठा पुढे ठेवला आणि विचारलं, यातली कोणती पट्टी आमचं सॉफ्टवेअर आज बरोबर काढेल ते बघूया का? त्यांनी तिथेच काही पट्ट्या टाकून बघितल्या. निम्म्या चुकल्या. शेठ बराच वेळ काही बोलले नाहीत, मग मुनीमजींकडे बघून म्हणाले, "आधी हेच करूत."

दुसरा निर्णय: जुनी बाकी कधी आणायची

आडत दुकानाचा जीव उचलीच्या खात्यात असतो. कोणत्या गावच्या कोणाला पेरणीला किती दिले, मागच्या वर्षीचे किती राहिले. हे सगळं अर्धं जुन्या हिशोबाच्या प्रोग्रॅममध्ये आणि अर्धं लाल कापडाच्या वहीत. ते नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणणं हे सगळ्यांत जोखमीचं काम, आणि टीमच्या मूळ आराखड्यात ते सगळ्यांत शेवटी होतं. नव्या गोष्टी आधी पक्क्या होऊ द्या, मग डेटा ओतू, असा विचार.

लीडने ते ऑगस्टमध्ये ओढलं. स्नूकरमध्ये सुरुवातीला पंधरा रेड एकत्र घट्ट बसलेले असतात. कधीतरी तो पॅक फोडावाच लागतो, आणि फुटल्यावर चेंडू कुठे जातील हे पुरतं कुणालाच सांगता येत नाही. म्हणून तो अशा वेळी फोडतात, जेव्हा बाहेर एखादा सुटा रेड असतो. मनासारखं नाही झालं तरी खेळायला काहीतरी उरतं. ऑगस्टमध्ये यार्ड तुलनेने शांत असतं, जुना प्रोग्रॅम चालू असतो, वही हाताशी असते. तोच सुटा रेड.

डेटा आणला आणि जे व्हायचं ते झालं. एकाच शेतकऱ्याची तीन खाती, नावाच्या तीन लेखनांनी. वडिलांच्या नावची उचल मुलाच्या मालातून वळती केलेली. एकाच नावाची गावं दोन तालुक्यांत. बाक्या जुळेनात. टेस्टर आणि एक डेव्हलपर पूर्ण स्प्रिंट यातच बुडाले. रोज दुपारी मुनीमजींना फोन, आणि ते स्मरणातून सांगायचे: "तो नव्हं, त्याचा चुलतभाऊ." हे ऑक्टोबरमध्ये झालं असतं तर दुकानात भांडणं लागली असती.

या स्प्रिंटला वेलॉसिटी जवळजवळ शून्य. महिन्याच्या बैठकीत मालकांनी बोट ठेवून विचारलं, "मग पंधरा दिवस केलं काय?"

लीडकडे स्नूकरचं उत्तर तयार होतं: समोरच्याला सोपा चेंडू मिळू नये म्हणून मारलेल्या सेफ्टी शॉटला फळ्यावर एकही पॉइंट मिळत नाही, पण फ्रेम बऱ्याचदा तिथेच जिंकली जाते. मालकांना ते पळवाटीसारखं वाटलं, आणि त्यांच्या जागी मलाही तसंच वाटलं असतं. शेवटी कामी आली ती दोनशे-अडीचशे ओळींची यादी. जुळलेली खाती, न जुळलेली, आणि प्रत्येकापुढे मुनीमजींनी दिलेला खुलासा. एक गोष्ट मी त्या बैठकीत सांगितली, इथेही सांगतो. स्क्रमचे नियम सांगणाऱ्या 2020 च्या स्क्रम गाइडमध्ये वेलॉसिटी हा शब्दच नाही, स्टोरी पॉइंटही नाहीत. आणि 2001 साली सतरा जणांनी यूटामधल्या स्नोबर्डला बसून ॲजाइलचा, म्हणजे स्क्रमसारख्या पद्धतींचा, जाहीरनामा लिहिला, त्याच्या बारा तत्त्वांत प्रगतीचं मुख्य माप म्हणून चालणारं सॉफ्टवेअर दिलंय. तक्ता आपण आपल्या सोयीसाठी जोडला, आणि मग त्याच्याच धाकात राहिलो.

तिसरा निर्णय: टेबल कुणाला दिसतंय

सप्टेंबरमध्ये लीड दोन दिवस लातूरला गेला आणि इकडे काम थांबलं. कुणी आळशी नव्हतं. कोणतं काम कशानंतर घ्यायचं हे सगळं त्याच्या डोक्यात होतं. बोर्डवर स्टोऱ्या होत्या, पण त्यांचा क्रम का, हे लिहिलेलं नव्हतं. सकाळच्या बैठकीत "याला पोझिशन नाही", "आधी ब्लू घेऊ" असं स्नूकरच्या भाषेतलं बोलणं चालायचं. सहापैकी स्नूकर कळणारे दोघं. बाकीचे मान हलवायचे.

रेट्रो चालवायला मी होतो. बराच वेळ नेहमीचंच चाललं, इंटरनेट, टेस्टचं सर्व्हर, वगैरे. मग टेस्टर बोलली. ती परभणीची, फार न बोलणारी. "सर, तुम्ही सगळं टेबलावरून सांगता. आम्हाला टेबल दिसतच नाही. मी त्या क्लबची पायरीसुद्धा कधी चढलेले नाही, आणि चढणार पण नाही."

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यांत महत्त्वाचा क्षण हा होता, वेलॉसिटीचा वादही त्यापुढे किरकोळ. स्नूकर हा एकट्याचा खेळ आहे. टेबल वाचणारा आणि मारणारा एकच असतो, आणि तुमच्या पाळीत तुम्ही मारल्याशिवाय टेबलावरचं काही हलत नाही. टीममध्ये यातलं काहीच लागू नाही. बाजार आपोआप हलतो, दुकानदार मत बदलतात, आणि स्प्रिंटमध्ये किती काम घ्यायचं हे डेव्हलपरनी ठरवायचं असतं. लीडने खेळातून क्रम लावायची शिस्त आणली ती चांगलीच, पण तिच्याबरोबर नकळत एकट्याने खेळायची सवयही आली होती.

तो क्षणभर दुखावला, ते दिसत होतं. पण दुसऱ्या दिवशी त्यानेच बोर्डशेजारी एक कोरा कागद लावला आणि सगळ्यांना मार्कर दिला. प्रत्येक स्टोरीला दोनच प्रश्न विचारायचे ठरले. हे पूर्ण झालं की पुढचं कोणतं काम मोकळं होतं? हे अर्धवट राहिलं तर मुनीमजींचं काय अडतं? उत्तरं टीमने लिहायची, क्रम टीमने लावायचा, आणि एका वेळी तीनपेक्षा जास्त कामं उघडी ठेवायची नाहीत. हे तीनचं बंधन कानबानमधून, म्हणजे एका वेळी चालू कामांवर मर्यादा घालणाऱ्या पद्धतीतून, उचललेलं. बैठकीतलं स्नूकर त्या दिवसापासून बंद झालं.

पहिल्याच आठवड्यात टेस्टरने क्रम बदलला. पट्टी रद्द करून पुन्हा काढायची सोय तळाला पडली होती, ती तिने वर आणली. काट्यावरचं वजन चुकीचं लिहिलं गेलं तर उचलीच्या खात्यात वजावट दोनदा लागते, हे तिला मुनीमजींबरोबरच्या फोनांतून कळलं होतं. लीडच्या क्रमात ते काम दिवाळीनंतर होतं.

निकाल

दसऱ्याला दोन दुकानांत पट्टी सुरू झाली. मुनीमजींच्या आग्रहाने वहीही समांतर चालू ठेवली. एका दुकानात आवक चढली त्या दिवशी मुनीमजींनी सॉफ्टवेअर सरळ बंद केलं, हाताने पट्ट्या केल्या आणि रात्री बसून सगळ्या भरल्या. आठवडाभर हेच. मग पट्टीच्या पडद्यावरची माऊसची गरज काढून सगळं की-बोर्डवर आणलं, तेव्हा ते परतले. दुसऱ्या दुकानात फारसं काही अडलं नाही. दुसऱ्यांदा काढाव्या लागलेल्या पट्ट्या थोड्या नव्हत्या, पण त्यांतून उचलीचा घोळ झाला नाही.

लक्ष्मीपूजनाला दोन लॅपटॉपना हळदकुंकू लागलं. उरलेल्या नऊपैकी सात दुकानं तूर यायच्या आधी आली. दोन बाहेर पडली, आणि त्यांचे आगाऊ घेतलेले पैसे परत द्यावे लागले. ॲप पुढच्या उन्हाळ्यात आलं, खूप छोटं होऊन: आजच्या पट्ट्या आणि आजची येणी. भावाचा आलेख पुन्हा कुणी मागितला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

मुनीमजींना केलेला तो फोन पहिल्या स्प्रिंटमध्ये व्हायला हवा होता. या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त फरक त्या एका फोनाने पडला, आणि त्यात स्नूकर अजिबात नव्हतं. लीडच्या छंदाचं कौतुक करताना लोक हे विसरतात. जाहीरनाम्याच्या तत्त्वांमध्येच लिहिलंय की धंद्यातली माणसं आणि डेव्हलपर यांनी रोज एकत्र काम करावं. लातूर लांब आहे हे खरं, पण फोन लांब नव्हता. सेल्स मॅनेजरला प्रॉडक्ट ओनर करणं ही मूळ चूक, कारण विकलेली गोष्ट आणि लागणारी गोष्ट यांत त्याला पहिलीच दिसणार.

नऊ दुकानांना मागे ठेवायचं ऑगस्टमध्ये ठरलं, पण त्यांना स्पष्ट सांगितलं गेलं ऑक्टोबरमध्ये. सेल्सने 'हळूहळू होईल' असं म्हणत वेळ काढला. बाहेर पडलेल्या दोघांचा राग उशिरावर नव्हताच. शेजारच्या दुकानात लॅपटॉप आल्यावर त्यांना कळलं, हा राग होता. ऑगस्टमध्ये सरळ फोन केला असता तर दोघंही राहिले असते असं लीडला वाटतं. मला त्यातल्या एकाबद्दलच तसं वाटतं, दुसऱ्याला मुळात ॲपच हवं होतं.

डेटा आधी आणण्याच्या निर्णयात मी काही बदललं नसतं. फक्त त्या कामाला बोर्डवर जागा आणि पॉइंट द्यायला हवे होते, म्हणजे मालकांसमोर शून्य दिसलं नसतं. लीडचं म्हणणं उलट: असे पॉइंट देत बसलो तर तक्ता आणखी पक्का होतो. यावर आमचं अजून जमलेलं नाही.

वेलॉसिटीचा तक्ता कंपनीत अजून लागतो. लीडने तो काढायची विनंती केली होती. मालकांनी मधला मार्ग म्हणून त्याला एक रकाना जोडला: या महिन्यात ग्राहकाकडे प्रत्यक्ष काय चालू झालं. पहिल्या महिन्यात चारपैकी दोन टीमपुढे तो रकाना रिकामा होता.